अंधाराच्या काळात बायबल नेमकं कुठून वाचावं?

पायवाट:
मोठं संकट कोसळलेल्या माणसाला ‘वचन वाच, प्रकाश मिळेल’ एवढंच सांगितलं जातं. कुठलं वचन, किती, कसं, यावर कुणी बोलत नाही. पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात केली तर तिसऱ्या, नियमांनी भरलेल्या लेवीयपर्यंत जाऊन गाडी अडते. अभिवचनांचे (देवाने दिलेल्या आश्वासनांचे) निवडक संग्रह अशा वेळी कोरडे वाटतात. दुसरा प्रश्न : हा अंधार म्हणजे पापाची शिक्षा आहे, असं मंडळीतलंच (चर्चमधलंच) कुणी म्हणालं तर शास्त्राच्या आधारे काय उत्तर द्यायचं?

मंद_वात:
विलापस्तोत्रांपासून, म्हणजे देवापुढे दुःख आणि तक्रार मांडणाऱ्या स्तोत्रांपासून सुरुवात करा. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत आणि उपासनेत नेमकी तीच मागे पडतात.

पहिला आठवडाभर फक्त स्तोत्र १३. वचनं सहाच. १–२ मध्ये तक्रार आहे (‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो), ३–४ मध्ये मागणं, ५–६ मध्ये भरवसा. आधी सगळं एकदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको. खचलेलं मन ओळींवरून नुसतं घसरत जातं. दुसऱ्यांदा वाचताना वचन २ नंतर थांबा आणि वहीत आपला स्वतःचा एक ‘कोठवर’ लिहा. तो ठोस हवा : ‘कोठवर मी या तपासणीच्या निकालाची वाट पाहू?’ चालेल, ‘कोठवर हे दुःख?’ फार मोघम झालं. वचन ४ नंतर एकच मागणं लिहा, दहा नकोत. ५–६ मात्र स्तोत्रकर्त्या दाविदाच्याच शब्दांत म्हणा, आतून तसं वाटत नसलं तरी. ते शब्द उसने घेण्यासाठीच आहेत. सगळं मिळून दहा मिनिटं.

बिघडतं ते इथे : लोक तक्रार लाजेने गाळतात आणि थेट वचन ५ वर उडी मारतात. मग भरवसा वरवरचा राहतो आणि चार दिवसांत वाचनही सुटतं.

दुसऱ्या आठवड्यात ४२ आणि ४३ एकत्र घ्या. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे धृपद ४२:५, ४२:११ आणि ४३:५ असं तीनदा येतं, म्हणजे गीत मुळात एकच असावं. तिसऱ्या आठवड्यात १३०. (जुन्या लॅटिन क्रमांकाच्या प्रार्थनापुस्तकात हेच १२९ असतं, गोंधळू नका.)

स्तोत्र ८८ वेगळं ठेवा. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीकडे वळतच नाही. जबरदस्तीच्या सांत्वनाला कंटाळलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं, पण रात्री एकट्याने वाचू नये. सोबत कुणीतरी असावं.

उजवा_समास:
वरच्याशी सहमत. अभिवचनं कोरडी वाटतात कारण ती मुळासकट उपटलेली असतात. यिर्मया २९:११ घ्या. ‘हिताचे संकल्प’ सगळ्यांना पाठ, पण ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि आदल्याच वचनात ७० वर्षं थांबायला सांगितलंय. पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत होईल, असा अर्थ काढला की निराशा ठरलेलीच. म्हणून एक नियम करा : कुठलंही वचन घेताना त्याच्या आधीची आणि नंतरची दहा वचनं वाचायचीच.

विलापगीत ३ मध्ये हे छान दिसतं. रोज सकाळी नवी होणारी करुणा २२–२३ मध्ये आहे, पण वचन २ म्हणतं की त्याने मला उजेडात नाही, अंधारात चालवलं. दोन्ही एकाच तोंडचं. आणि पुस्तकाचा शेवटही (५:२२) मोकळाच सोडलेला आहे.

साक्षेपी:
शिक्षेच्या प्रश्नाला तीन संदर्भ पुरेत. यशया ५०:१० : परमेश्वराचं भय धरणारा, त्याच्या सेवकाचं ऐकणारा माणूसही प्रकाशाविना अंधारात चालतो. योहान ९:३ : जन्मांधाच्या बाबतीत येशूने ‘पाप कुणाचं’ हा प्रश्नच फेटाळला. ईयोब ४२:७ : ‘तुझं दुःख तुझ्या पापामुळेच’ असं ईयोबाला सुनावणाऱ्या मित्रांचं बोलणं चुकीचं होतं, हे देवाने स्वतः सांगितलं. ते मित्र सात दिवस गप्प बसले (२:१३) तोवर बरे होते!

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. १ योहान २:११ मधला अंधार भावाच्या द्वेषातून आलेला आहे. फरक ओळखायचा तो असा : चूक नाव घेऊन सांगता येते का? येत असेल तर कबूल करा, भरपाई करा. नाव, दिवस, माणूस काहीच सांगता येत नाही, नुसती ‘मी वाईट आहे’ अशी भुणभुण असेल, तर ती पापाची जाणीव समजू नका.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचा एक नियमही इथे कामाचा आहे : मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. मंडळी सोडणं, सेवाकार्य सोडणं, नातं तोडणं, सगळं थांबवा. प्रार्थनेसाठी ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा, असंही ते सांगतात.

पायवाट:
आणि ती दहा मिनिटंही जमत नसतील तर? तोंडून शब्दच फुटत नसेल तर?

मंद_वात:
तर जास्त बसायचा नियम तूर्त बाजूला ठेवा. तो कोरडेपणासाठी आहे, शरीर-मन पार थकलेल्या माणसासाठी नाही. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा (१ राजे १९:४–८) दूताने आधी प्रवचन दिलं नाही. भाकर, पाणी, झोप आणि पुन्हा भाकर, पाणी. चालणं आणि देवाची वाणी त्यानंतर.

स्वतःहून शब्द येत नसतील तर रोमकरांस ८:२६ धरा. शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आत्माच मध्यस्थी करतो, तेव्हा नुसतं पाच मिनिटं बसणंही प्रार्थनाच. वाचायला दुसऱ्याला सांगा. मार्क २:५ मध्ये येशूने पक्षाघात झालेल्याला आणणाऱ्या माणसांचाही विश्वास पाहिला. फोनवर कुणी रोज ठरलेल्या वेळी एक स्तोत्र वाचून दाखवलं आणि वर उपदेश केला नाही, तरी पुष्कळ.

साक्षेपी:
एक भर. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक आणि कशातलीही गोडी गेली असेल तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. चालू गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि मदत त्याच दिवशी मिळवा. स्तोत्रं सोबतीला आहेतच.