साडेआठशेची कटिंग आणि 'विचारत पण नाही' म्हणजे काय हो?

लोकलचा_तिसरा_डबा

काल इथे एका सद्गृहस्थांनी पोस्ट टाकली होती. थोडक्यात सांगायचं तर, चांगला पगार असून जो अजून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे शंभर रुपयांत डोकं देतो तो कंजूष तरी आहे नाहीतर त्याला स्वतःची किंमत तरी नाही. एसी नाही, टॉवेल सगळ्यांना तोच, आणि "कसे कापायचे ते विचारत पण नाही". हे स्वतः मॉलमधल्या सलूनमध्ये ८५० देतात, तिथे आधी केस धुतात आणि कॉफी देतात.

सोडून देणार होतो, पण ते 'विचारत पण नाही' डोक्यात बसलं ते काही जाईना.

अहो विचारत नाही म्हणूनच तर जातो! डोंबिवलीत एकाच माणसाकडे २२ वर्षं जातोय. मला मागे डावीकडे भोवरा आहे, तिथे मशीन उलटं चाललं की केस पंधरा दिवस उभे. हे त्याला माहिती आहे, माझ्या बायकोला माहिती नाही. मागच्या वर्षी पोराच्या हट्टापायी मॉलवाल्याकडे गेलो. आधी काउंटरवर मोबाईल नंबर, मग जन्मतारीख (केस कापायला जन्मतारीख कशाला, पत्रिका जुळवताय का?), मग एक पोरगा टॅब घेऊन आला, "सर, कौनसा लुक?" माझं वय ५१, लुक कसला, उरलेत ते सारखे कर बाबा. मग टाळूकडे बघून डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणतो, हेअरफॉल बहुत है, स्पा कर लीजिए. बिल अकराशेच्या वर, आणि भोवरा उभा तो उभाच. आठवडाभर ऑफिसात मला बघून कोण ना कोण आरवत होतं.

आणखी एक. वडिलांना पॅरालिसिस झाला तेव्हा दर पंधरा दिवसांनी हाच माणूस घरी यायचा, तेही सोमवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी. उशीला टेकवून दाढी करायचा, कानावरचे केससुद्धा न विसरता. शेवटच्या वेळचे पैसे घेतले नाहीत. द्या बरं तुमच्या ॲपवर ही अपॉइंटमेंट.

एसी_चालू_ठेवा

ती पोस्ट माझीच. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण ते मध्ये आणलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, हे तुम्हालाही माहिती आहे.

माझा मुद्दा साधा होता. रविवारी सकाळी साडेआठला विचारायचं, "किती नंबर?" "तीन." की बसा. मग एक ओळखीचा येणार, "फक्त दाढी, दोन मिनिटांचं काम." मग दुसरा. साडेदहाला आपण खुर्चीत, वर चाळीस मिनिटं कोणाची युती कोणाशी होणार यावर प्रवचन, आणि मान हलवता येत नाही त्यामुळे विरोधही करता येत नाही. मी शांतता विकत घेतो. ८५० मधले शंभर केसांचे, बाकी सगळे गप्प बसण्याचे.

आणि मॉलमध्ये भोवऱ्याचं तुम्ही सांगितलंत का त्याला? नाही ना. मग त्याला स्वप्न पडणार होतं का.

स्लाइडखाली_बघा

दोघेही चुकताय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. एसी, कॉफी, भोवरा, कशाने काही होत नाही. बघायचं असतं ब्लेड. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. डोळ्याला रक्त दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू मरत नाही. पाकिटातून नवीन ब्लेड काढून, मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो का ते बघा, बस. बऱ्याच साध्या दुकानांत ते समोर करतात. कल्ले आणि मानेवरची रेघ काढायलाही तोच वस्तरा असतो, लोक फक्त दाढीला बघतात.

आणि ती शेवटी कडकन मान मोडतात ना, ती कृपा करून नको. मानेतली रक्तवाहिनी फाटून तरुण माणसांना स्ट्रोक येतो. क्वचित येतो, पण येतो. आमच्याकडे एकजण...

टाळी_वाजवा

@स्लाइडखाली_बघा ताई, तुम्ही प्रत्येक धाग्यावर रक्त आणता. मागे पाणीपुरीवर पण आणलं होतंत.

मान मोडल्याशिवाय कटिंग झाल्यासारखं वाटतच नाही, खरं सांगा. चंपी, टाळी, मग मान. चंपीचे वीस जास्त घेतात ते मी खुशीत देतो.

रिटर्न_भरा

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनचा जीएसटी १८ वरून ५ टक्के केला. ८५० वाल्यांनी दर कमी केले का? माझ्याकडच्याने नाही केले. विचारलं तर म्हणे आम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही आता. बरोबर आहे, ५ टक्क्यांत क्रेडिट नाही, त्यामुळे भाड्यावर आणि शॅम्पूवर भरलेला कर त्यांच्या अंगावर पडतो. पण तेरा टक्के सगळे त्यातच गेले? कोपऱ्यावरच्याची उलाढाल २० लाखांच्या आत, त्याला नोंदणीच नाही, त्याच्याकडे ना तेव्हा कर ना आता. एवढं सांगून मी निघतो, मला टक्कल आहे.

बॉयकट_४२

एक बाई म्हणून विचारते. माझे केस तुमच्याहून लहान आहेत. बाजूला तीन नंबर मशीन, म्हणजे सेंटिमीटरभर, वर दोन बोटं. माझ्या नवऱ्याचाही हाच कट. तो १२० देतो, मी पार्लरमध्ये ७००. का तर पाटीवर 'लेडीज कट' लिहिलंय. मशीन तेच, कैची तीच, वेळ त्याला जास्त लागतो कारण त्याला गप्पा मारायच्या असतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच्याच माणसाकडे गेले. आत चारजण बसलेले. सगळ्यांनी एकदम पेपर वर घेतले, एकाच पेपरची चार पानं. तो माणूस बिचारा घाबरला, म्हणाला, "ताई, इथं जेंट्सचं असतं." मी म्हटलं केसही जेंट्ससारखेच आहेत. तर म्हणे गिऱ्हाईक अवघडतं. तेव्हा तुमचं ते २२ वर्षांचं नातं वगैरे मला सांगू नका. ते नातं मिळायला आधी आत तर घेतलं पाहिजे.

टाळी_वाजवा

ताई, राग नका मानू पण बायकांच्या केसांना वेळ जास्त लागतो म्हणून दर जास्त असतो.

बॉयकट_४२

वर वाचलंत का? तीन. नंबर. मशीन. तुम्हाला कोणी मान मोडताना जरा जास्तच मोडली का?

धोकटी

आतापर्यंत गप्प वाचत होतो. मी नाभिक, तिसरी पिढी, पिंपरीत तीन खुर्च्यांचं दुकान आहे. तुम्ही सगळे 'आमचा माणूस', 'आमचा माणूस' करताय, त्या माणसालाही काही बोलायचं असेल असं कोणाला वाटलं नाही.

आजोबा धोकटी, म्हणजे वस्तरा-कातरीची पिशवी, काखेत मारून घरोघर फिरायचे. वर्षाकाठी डोक्यांवर धान्य ठरलेलं, खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि मिळेल ते घ्यायचं. लग्नातलं काम वेगळं, मयतातलं वेगळं, त्याला कसली रजा आणि कसली अपॉइंटमेंट. वडील ते सोडून शहरात आले, कारण इथे कापले की रोख मिळतात. आज माझ्या दुकानाचं भाडं, लाईट, आणि दोन कारागीर निम्म्या-निम्म्यावर. शंभरातले पन्नास त्यांचे, उरलेल्या पन्नासात सगळं. दहा रुपये वाढवले की हेच 'नातं'वाले म्हणतात, काय शेठ, महाग झालात! मॉलमध्ये ८५० मुकाट देतात, वर टीप.

२०२० ला मार्चपासून बंद होतो. २८ जूनला परवानगी मिळाली ती पण फक्त केस कापायला, दाढी नाही. त्या तीन महिन्यांत किती 'घरच्यासारख्या' गिऱ्हाइकांनी फोन केला सांगू? चार. त्यातल्या तिघांनी घरी येऊन गुपचूप कापशील का विचारायला. चौथ्याने किराणा पाठवला, त्याचं नाव अजून वहीत पहिल्या पानावर आहे.

आणि बोलण्यात जी 'बिनपाण्याने' वगैरे भाषा वापरता ना, ती वापरण्याआधी एकदा पाणी न लावता दाढी करून बघा.

लोकलचा_तिसरा_डबा

@धोकटी दादा, माझ्या माणसाला मी दर दिवाळीला...

धोकटी

हो, मिठाईचा पुडा. आमच्याकडे वीस येतात. दर वाढवून द्या, पुडा राहू द्या.

खुर्ची_फिरते

धोकटी, तुमचं सगळं खरं. पण बलुतेदारीचं दुःख सांगताना एक खातं सगळेच सोडतात म्हणून लिहितोय.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. माझ्या वडिलांचे केस तुमच्या आजोबांसारख्या कोणी कापले नाहीत. कापतच नसत. आमच्या वस्तीत चुलता घरच्या कातरीने कापायचा, पायऱ्या पायऱ्या दिसायच्या डोक्यावर. म्हशीचे केस कापणारा आमचे कापणार नाही, हे वडील हसत सांगायचे, हसण्यासारखं त्यात काय होतं मला कधी कळलं नाही. १९७४ ला, एकोणीस वर्षांचे असताना, एसटीने तालुक्याला गेले आणि स्टँडशेजारच्या सलूनमध्ये पहिल्यांदा खुर्चीत बसले. ती फिरते हे त्यांना माहिती नव्हतं. कळल्यावर दोनदा फिरवून घेतली.

१९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत हाच प्रश्न आला होता की 'दुकान' या शब्दात केस कापायचं सलून येतं का. बाबासाहेबांनी सांगितलं की येतं, जो सेवा द्यायला दुकान मांडून बसलाय त्याने येईल त्याला ती द्यायची. कलम १५ मध्ये ते आहे. गावात पोचायला मात्र किती वर्षं लागली ते मोजा.

आता मूळ धाग्याबद्दल. साहेब, तुम्हाला न विचारता कापतो ते आवडतं, कारण तुमची ओळख तुमच्या कामाला येते. मला तो टॅबवाला पोरगा आवडतो. मोबाईल नंबर विचारतो, जन्मतारीख विचारतो, आडनाव आणि गाव विचारत नाही. ८५० पैकी साडेसातशे त्याचे आहेत असं समजा.

एसी_चालू_ठेवा

+१. मी हेच म्हणत होतो.

खुर्ची_फिरते

नाही. तुम्ही कॉफीबद्दल म्हणत होतात.

धोकटी

@खुर्ची_फिरते, चटकन उत्तर लिहिलं होतं, खोडलं. परत लिहितो.

आमच्या आजोबांनी कापले असते तर गावाने दुसऱ्या दिवशी बलुतं बंद केलं असतं आणि पाटलाने डोकं दिलं नसतं. हे समर्थन म्हणून सांगत नाही. पण 'न्हाव्याने कापले नाहीत' एवढंच सगळ्यांच्या तोंडी राहतं. ज्यांनी कापू दिले नाहीत, त्यांच्यावर धागा निघत नाही, निघतो आमच्यावर. आणि आमचे लोक नुसते मान खाली घालून बसले असंही नाही. १८९० ला मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून ठरवलं, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. त्या बायकांच्या घरच्यांकडून मिळणारे पैसे बुडतील हे माहिती असून.

खुर्ची_फिरते

१८९० चं मान्य, मनापासून. पण बघा, बामणाच्या विधवेसाठी वस्तरा खाली ठेवता आला, आमच्यासाठी उचलता नाही आला.

धोकटी

शहरातल्या लोकांना ठेवता आला. गावातल्याला दोन्ही जमलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. माझ्या दुकानात सगळे येतात, आणि 'सगळे येतात' हे सांगायची वेळ यावी हेच चुकीचं आहे, तेवढं तुमचं घेतो. बाकीचं नाही घेत.

जर्सीतला_जाधव

इथे न्यू जर्सीत मशीन फिरवायचे २५ डॉलर, वर ५ टीप. सुट्टीत आलो की बॅगा घरी टाकून आधी कटिंग, चंपी, दाढी, सगळं मिळून चार डॉलरसुद्धा होत नाहीत! तुम्ही लोक नशीबवान आहात.

धोकटी

बाकीचे सव्वीस पाठवा, अकाउंट नंबर देतो.

बॉयकट_४२

सगळ्यांचं छान चाललंय. माझा प्रश्न नेहमीप्रमाणे इतिहासात वाहून गेला. @धोकटी, 'सगळे येतात' म्हणालात. मी येऊ का? पिंपरी मला लांब नाही.

धोकटी

ताई, मला स्वतःला काही नाही. कारागीर नवीन आहेत, त्यांना बाईमाणसाच्या डोक्याला हात लावायची सवय नाही, कोणी बाहेरचा काही बोलला तर... बघतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला गर्दी नसते.

बॉयकट_४२

म्हणजे कोणी नसताना.

लोकलचा_तिसरा_डबा

धागा माझा म्हणून काल संध्याकाळी आमच्याकडे मुद्दाम विचारलं. (कटिंगला पंधरा दिवस बाकी होते, दाढी करून घेतली. ब्लेड नवीन होतं, समोर मोडलं, लॅबवाल्या ताईंनी नोंद घ्यावी. १५० देऊन आलो, धोकटीने नोंद घ्यावी.) म्हटलं एक बाई आहेत, बॉयकट, कापशील का. वस्तरा तसाच गालाला ठेवून विचार केला त्याने, माझा जीव वर. मग म्हणाला, "आणा की, न कापायला काय झालं, १२० च घेईन." झालं समाधान? मी म्हणत होतो की चांगला माणूस आहे.

फक्त म्हणाला, मागच्या खुर्चीवर बसवू.

बॉयकट_४२

मागच्या का?

लोकलचा_तिसरा_डबा

पंखा तिकडे आहे.

खुर्ची_फिरते

ती फिरते का तेवढं विचारून या.