साधी गाठ सुईने कळत नाही म्हणे!

स्लाइडवाली: काल कोणीतरी लिहिलं, "स्तनातल्या गाठीला एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) म्हणजे टाइमपास, थेट बायोप्सी करा, पॅथॉलॉजिस्टना साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठपण ओळखता येत नाही." डोकं फिरलं. फायब्रोअ‍ॅडेनोमा (स्तनातली एक साधी गाठ) पुस्तकात सोपा असतो हो, पेशींचे फांद्यांसारखे पुंजके, मागे सुटी केंद्रकं, जरासा स्ट्रोमा (आधार देणारी ऊती). प्रत्यक्षात कधी पेशी इतक्या भरभरून येतात की हात थबकतो, आणि स्ट्रोमा दाट दिसला की फायलॉइड्सची (तशीच दिसणाऱ्या, पण कधी घातकही ठरणाऱ्या गाठीची) शंका, तो फरक सुईतल्या चिमूटभर मालावरून छातीठोक सांगणारा कोणी असेल तर दाखवाच.

सुरीबहाद्दर: मग मी वेगळं काय म्हणालो? तुम्ही रिपोर्टात "सी ३" ही श्रेणी लिहून मोकळे, समोर बसलेल्या बाईला मी काय सांगू, बहुतेक साधी पण नक्की नाही? कोअर बायोप्सीत (जाड सुईने ऊतीचा तुकडा काढून) निदान ऊतीची रचना तरी दिसते.

स्लाइडवाली: आधी फॉर्म भरा! वय आणि "ब्रेस्ट लंप", बास. एकदा ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), सुट्या पेशी बघून मी सी ४ (कर्करोगाची दाट शंका) लिहिणार होते, सहज फोन केला तर बाई अंगावर पाजणारी निघाली, तेव्हा साध्या पेशीही अशाच दिसतात. तेवढं लिहायला शाई संपते?

काचपुसणी: फॉर्मचं सोडा, नमुना पसरलेल्या काचा बघा. अल्कोहोलमध्ये टाकेपर्यंत पार वाळलेल्या. मग पॅप स्टेनमध्ये (पेशी रंगवायच्या पद्धतीत) केंद्रकं फुगलेली, पुसट, आणि ओरडा आमच्यावर.

सुरीबहाद्दर: ओपीडीत चाळीस पेशंट असतात, काचेमागे धावायला मला चार हात नाहीत!

काचपुसणी: दोन आहेत ना? एकाने काच बुडवा.

दोनदा_टोचलेली: भांडा तुम्ही. माझ्या पहिल्या रिपोर्टवर "अपुरा नमुना" होतं, मला वाटलं काही सापडलं नाही म्हणजे सगळं ठीक, सहा महिने घरी बसले. अपुरा म्हणजे साधी नव्हे हे कोणीच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सोनोग्राफीत बघून सुई घातली, फायब्रोअ‍ॅडेनोमा निघाला, पण मधल्या त्या सहा महिन्यांचं काय?

स्लाइडवाली: हे मात्र आमचं चुकतं, पुन्हा तपासा असं स्पष्ट लिहायला हवं. म्हणूनच तर हाताची तपासणी, सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि सुई, तिन्ही जुळली तरच साधी म्हणायचं. एक जरी फटकून असेल तर बायोप्सी, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे, नाइलाजाने.

सुरीबहाद्दर: उपकार झाले. पाजतेय की नाही तेही लिहीन यापुढे. अक्षर मात्र तुम्हालाच लावून घ्यावं लागेल.