जीमेलला निम्मेच मेल पोचतायत (नवीन सर्व्हरवर आल्यापासून) – मदत हवी आहे

भालदार:

मंडळी, शुक्रवारी रात्री ऑफिसचा मेल सर्व्हर हलवला आणि तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

भोसरीतला साठेक माणसांचा कारखाना. संगणकाचं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. जुना सर्व्हर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) वर, पोस्टफिक्स (मेल पाठवणं-घेणं) आणि डवकॉट (मेलबॉक्स सांभाळणं). सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पण 'चालतंय ना, मग कशाला हात लावता' असं म्हणत तो तसाच ओढला. आता भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) डेबियन १२ (दुसरं लिनक्स) टाकून सगळं तिकडे नेलं. मेलबॉक्स आयमॅपसिंक या साधनाने आणले, एमएक्सचा (मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल (ती नोंद इतरांनी साठवायची मुदत) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणला होता. तो भाग बिनबोभाट झाला.

पहिला झटका शनिवारी सकाळी. बाहेरून एकही मेल आत येईना, सगळ्यांना ५५४ (कायमचा नकार). लॉग म्हणतो, पाठवणारा स्पॅमहाउसच्या (स्पॅमरांच्या काळ्या याद्या ठेवणारी संस्था) यादीत आहे. आमची बँक, आमचे सीए, झाडून सगळेच स्पॅमर? दोन तास डोकं आपटल्यावर कळलं की नव्या मशीनचा डीएनएस रिझॉल्व्हर (नावांवरून पत्ते शोधून देणारा) गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ होता. जुन्यावर स्वतःचा रिझॉल्व्हर, बाइंड, चालायचा. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं की स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं, म्हणजे 'इथून विचारू नका'. आणि माझं कॉन्फिगरेशन असं की कुठलंही उत्तर आलं की माणूस यादीत. मग अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला आणि फक्त १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं धरायला सांगितली. मेल सुरू. कुणी याच वाटेने जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिलं.

आता खरी अडचण. जीमेलला पाठवलेले साधारण निम्मे मेल बाउन्स होतात. एकाच माणसाने एकाच पत्त्यावर पाच मिनिटांच्या अंतराने दोन पाठवले, तर एक पोचतो, एक परत. आकार, अटॅचमेंट, पाठवणारा, कशाशीच मेळ बसत नाही. एसपीएफमध्ये (आमच्या नावाने कुठल्या आयपीवरून मेल पाठवता येतो त्या यादीत) नवा आयपी घातलाय. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) जुनीच किल्ली आणली, चाचणीत पास. पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) व्हीपीएसवाल्यांकडून लावून घेतला, हेलोच्या (सर्व्हर जोडणी करताना स्वतःचं सांगतो त्या) नावाशी जुळतो. आयपी कुठल्या काळ्या यादीतही नाही. खरेदीतले म्हणतात, "साहेब, नवा सर्व्हर लहरी दिसतोय." काय उत्तर देणार?

रूट_काका:

बाउन्सचा पूर्ण मजकूर कुठाय? नुसतं 'दुखतंय' म्हटल्यावर डॉक्टरही गोळी देत नाही. लॉगमध्ये 'रिले=' च्या पुढे (मेल समोरच्या कुठल्या पत्त्याला दिला ते) काय आहे तेही बघा. एक पोचलेला आणि एक परत आलेला, दोन्ही शेजारी ठेवून.

भालदार:

चुकलं काका. कोड ५५०-५.७.१. मजकुराचा सारांश असा की हा मेल आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांचा नवा, लांब प्रकार) वरून पाठवण्याच्या पीटीआर आणि ऑथेंटिकेशनच्या नियमांत बसत नाही. खरं सांगायचं तर हे मी शनिवारीच वाचलं होतं, पण आपण आयपीव्ही६ वापरतच नाही म्हणून सोडून दिलं.

रिले बघितला. पोचलेल्यात साधा चार आकड्यांचा (आयपीव्ही४) पत्ता. परत आलेल्यात २४०४:६८०० ने सुरू होणारा लांबलचक.

रूट_काका:

तुम्ही वापरत नाही हो, पण सर्व्हर वापरतोय ना! व्हीपीएसवाल्याने मशीनला आयपीव्ही६ पत्ता न मागता दिलाय. 'आयपी ॲड्रेस शो' करून बघा, दिसेल.

आता निम्मेच का. समोरच्याचे दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर आधी कुठला घ्यायचा हे पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी_ॲड्रेस_प्रेफरन्स' ठरवतं. त्याची मूळ किंमत 'एनी', म्हणजे आवडनिवड नाही. नाणं उडवल्यासारखं कधी ४, कधी ६. आणि ५५० म्हणजे कायमचा नकार, त्यामुळे तो मिळाल्यावर पोस्टफिक्स दुसरा पत्ता वापरून बघत नाही, थेट बाउन्स करतं. जुन्या सर्व्हरवरही सेटिंग हेच असणार, फक्त त्याला आयपीव्ही६ नव्हता. तुमचा पीटीआर आणि एसपीएफ दोन्ही फक्त ४ साठी आहेत. चाचणीचा मेल नेमका ४ वरून गेला असेल, म्हणून त्यात हे दिसलं नाही.

आत्ता लगेच: मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये 'इनेट_प्रोटोकॉल्स' ला आयपीव्ही४ करा. नुसतं रीलोड चालत नाही, पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करा. मग निवांतपणे व्हीपीएसवाल्यांकडून ६ चा पीटीआर, त्या नावाला उलट बाजूने क्वाड-ए रेकॉर्ड (नावावरून आयपीव्ही६ पत्ता), आणि एसपीएफमध्ये आयपी६ ची भर. पीटीआर आणि सुलट रेकॉर्ड जुळायला हवं ही अट जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना घातली आहे. दिवसाला ५००० पाठवणाऱ्यांसाठी डीमार्क (एसपीएफ-डीकेआयएममध्ये नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) वगैरे जास्तीचं आहे, ते वेगळं.

शिवणीकर:

काकांचं निदान बरोबर. पण भालदार, स्थलांतराच्या रात्री 'सॉफ्ट_बाउन्स' ला 'येस' का नाही केलंत? त्याने तुमचा सर्व्हर कायमच्या नकाराऐवजी 'नंतर या' म्हणतो आणि समोरच्याचा ५५० सुद्धा तात्पुरता धरतो. शनिवारच्या बँकेच्या मेलनी पुन्हा दार वाजवलं असतं. जीमेलचे रांगेत राहिले असते आणि पुढच्या फेरीत ४ वरून निघूनही गेले असते. आता जे परत आले ते आपोआप जाणार नाहीत, ज्याचे त्याला पुन्हा पाठवावे लागतील. आठवडाभर ठेवून मग आठवणीने काढायचं, नाहीतर चुकीच्या पत्त्यांचे मेलही पाच-पाच दिवस रांगेत लोळतात.

भालदार:

ॲड्रेस बघितला, आहे की हो! आयपीव्ही४ वर आणून पोस्टफिक्स बंद-चालू केलं. दुपारपासून जीमेलला चाळीसेक मेल गेले, एकही परत नाही. ६ च्या पीटीआरसाठी तिकीट टाकलंय. सॉफ्ट_बाउन्स हे नावही ऐकलं नव्हतं, शिवणीकर. लॉगमधून परत आलेल्यांची यादी काढून विभागवार वाटली. खरेदीतल्यांचे तेवीस निघाले, त्यात दोन कोटेशन. तिकडे तोंड दाखवायला जायचंय.

जाता जाता एक: स्टोअरमधलं जुनं स्कॅनर-झेरॉक्स मशीन स्कॅन मेल करत नाही. पोर्ट ५८७ वर (सर्व्हरकडे मेल सोपवायच्या दारावर) टीएलएसच (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) जुळत नाही असं लॉगमध्ये येतं. मशीनला टीएलएस १.० च्या पुढचं येत नाही. सर्व्हरवर १.० उघडू का?

रूट_काका:

एका झेरॉक्ससाठी अख्ख्या ऑफिसचं कुलूप ढिलं करू नका. डेबियन १२ वरचं ओपनएसएसएल ३ (टीएलएस सांभाळणारं सॉफ्टवेअर) तसंही सहजासहजी १.० बोलू देत नाही. एखादा जुना डेस्कटॉप पडला असेल ना? त्यावर पोस्टफिक्स टाका, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून घ्यायला सांगा, आणि तो पुढे ५८७ वर टीएलएस १.२ ने तुमच्या सर्व्हरला देईल. मशीनला त्या डेस्कटॉपचा पत्ता द्या, पोर्ट २५.

भालदार:

डेस्कटॉप आहे, पण त्यावर सध्या हजेरीचं बायोमेट्रिक चालतं. रविवारी बघतो. तोवर स्टोअरवाले पेनड्राइव्ह घेऊन जिने चढतायत.