शनिवारचं ग्रिल : कार्ने आसादाचं मॅरिनेड

बी-५०२: शनिवारी गच्चीवर सिगडी लावतोय, कार्ने आसादा (मेक्सिकन पद्धतीचे निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे पातळ काप) करायचंय. किलोला लिंबू-संत्र्याचं प्रमाण कुणी सांगेल का? रात्रीच सगळं लावून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल ना?

ए-३०१: दादा, लिंबू रात्री अजिबात लावू नका. मीठ-मसाला रात्री, आंबट शेवटचे दोन तास. लिंबाने मांस वरून शिजल्यासारखं पांढुरकं पडतं आणि भाजल्यावर पिठूळ लागतं. आंबट काही मिलिमीटरच्या पुढे आत जात नाही, मग रात्रभर ठेवून मिळणार काय? मीठ तेवढं हळूहळू आत उतरतं, म्हणून वेळ त्याला द्यायचा.

ए-३०१: एक किलोला: मीठ २ चहाचे चमचे सपाट, लसूण १२ पाकळ्या ठेचून, जिरं १ चमचा भाजून भरड, मिरे अर्धा चमचा, ओरेगानो १ चमचा, हिरव्या मिरच्या २, तेल ३ मोठे चमचे. हे रात्री. दुसऱ्या दिवशी ४-५ लिंबांचा रस, अर्धी वाटी संत्र्याचा रस आणि मूठभर कोथिंबीर देठांसकट. सोया सॉस २ मोठे चमचे घालणार असाल तर मीठ एक चमचा कमी करा.

सी-१०४: लिंबू आपलं साधं कागदीच घ्या ताई, वेगळं काही शोधायला नको. मेक्सिकोत वापरतात ते लिमोन हेच, जात एकच.

डी-२०३: संत्री नसतील तर मोसंबी चालेल?

सी-१०४: चालेल, पण मोसंबीत आंबटपणा जवळपास नसतो, एक लिंबू जास्त पिळा. रस आयत्या वेळी काढा, मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो.

बी-५०२: आणि मटण मऊ व्हायला थोडी कच्ची पपई?

ए-३०१: नको! कबाबाच्या खिम्याला ठीक आहे. इथे एक सेंटीमीटरचा पातळ काप आहे, त्यावर पपई आणि लिंबू दोन्ही पडलं की वरचा थर लगदा होतो. मऊपणा कापण्यात आहे, पपईत नाही.

ए-७०१: हे अगदी बरोबर. मुळात ही डिश गोमांसाच्या स्कर्ट किंवा फ्लँक या पातळ, लांब धाग्यांच्या भागाची. गाय तर आधीपासूनच, बैल-वळूही २०१५पासून आपल्या राज्यात बंद आहेत, तेव्हा इथे मटण किंवा म्हशीचं. मटण घेणार असाल तर बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं, सांगा. मेंढीला चरबी जास्त असते, निखाऱ्यावर बोकडाइतकं सुकत नाही. मांडीचे पसंदे काढून मागा, बोट-अर्धं बोट जाड, खाटकाला लगेच कळतं. म्हशीचं असेल तर अंडरकट, म्हणजे पाठीच्या आतला मऊ भाग.

डी-२०३: ओरेगानो पिझ्झाबरोबर येतं ते पुडीतलं घालू का?

ए-७०१: त्यात बहुधा मीठ आणि इतर मसाला असतो वहिनी, प्रमाण बिघडतं. बाटलीतलं साधं सुकं पान घ्या, तळहातावर चोळून टाका. मेक्सिकन ओरेगानो वेगळंच झाड आहे, त्याला लिंबाकडे झुकणारा वास असतो. तो इथे येणार नाही, चालतं. रंगाला दोन ब्याडगी भिजवून वाटा, गरम मसाल्याला मात्र हात लावू नका. जिरंही चमच्याच्या वर गेलं की सरळ मटण सुक्क्याचा वास येतो.

सी-१०४: आणि दादा, मेक्सिकोच्या उत्तरेला सोनोरा राज्याकडे तर बरेच जण नुसतं मीठ लावून भाजतात. मसाला कमी पडला म्हणून घाबरू नका.

बी-५०२: भाजताना?

ए-३०१: इथेच चुकतं. मांस बाहेर काढलं की लसूण-कोथिंबीर खरवडून टाका आणि कागदाने कोरडं पुसा, अगदी कोरडं. ओलं राहिलं तर आधी पाण्याची वाफ होते, डाग पडत नाहीत, मांस राखाडी होतं. लसूण राहिला तर जळून कडू. कोळशावर राखेचा पांढरा थर आला की मगच ठेवा. तेल गळून जाळ उठला तर मांस बाजूला घ्या, पाणी मारू नका, राख उडते. प्रत्येक बाजू अडीच-तीन मिनिटं भाजा, मग उतरवून पाच मिनिटं झाकून न ठेवता तसंच ठेवा. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश.

डी-२०३: सिगडी नसेल तर?

ए-३०१: बिडाचा तवा, धूर निघेपर्यंत तापवून. एका वेळी दोनच काप, गर्दी केली की तवा थंड पडतो.

बी-४०६: पनीरवाल्यांचं काय?

ए-७०१: पनीरला अर्धा तास पुरे काकू, वेगळ्या भांड्यात. सगळ्यांच्या आधी सिगडीवर तेच घेऊ, जाळी कोरी असताना. स्टील किंवा काचेचं भांडं घ्या, अ‍ॅल्युमिनियमवर लिंबाच्या आंबटाची क्रिया होते आणि धातूची चव उतरते.

बी-५०२: उरलेलं मॅरिनेड वरून ओतता येईल?

ए-३०१: कच्च्या मांसातलं ओतू नका. हवं असेल तर मांस घालायच्या आधी अर्धी वाटी वेगळं काढून ठेवा. आणि कापताना धागे कुठल्या दिशेला आहेत ते बघा, सुरी त्यांना आडवी. भाजल्यावर दिसत नाहीत, म्हणून कच्चं असतानाच एका कोपऱ्याला छोटी खूण करा.