मदत हवी आहे : एच-१बी व्हिसावर असताना अमेरिकी ऊर्जा विभागाच्या रोख बक्षिसासाठी स्पर्धेत उतरता येते का?

नमस्कार मंडळी,

मी ओहायो राज्यात एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. माझ्या नोकरीचा सौरऊर्जेशी संबंध नाही. परंतु छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचा व्यवसाय असलेल्या एका अमेरिकी मित्राबरोबर सुट्टीच्या दिवशी खटपट करून मी एक लहानसे उपकरण तयार केले आहे. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरची एक बाजू एका कंपनीची आणि दुसरी भलत्याच कंपनीची असली, किंवा तार नीट क्रिम्प केलेली (धातूच्या टोकात दाबून घट्ट बसवलेली) नसली, तर त्या जोडातील विद्युतरोध वाढतो, जोड तापत जातो आणि प्रसंगी छपराला आग लागते. मित्राने एका गोदामावरून काढून आणलेली अशी एक जोडी सध्या माझ्या टेबलावर आहे. तिच्या एका बाजूचे काळे प्लास्टिक वितळून दुसऱ्या बाजूला असे चिकटले आहे की, पकडीने ओढूनही दोन्ही भाग सुटत नाहीत. आमचे उपकरण जोडावर बाहेरून बसते आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सूचना देते.

ऊर्जा विभागाने २०१८ साली सुरू केलेल्या ‘अमेरिकन-मेड सोलर प्राइझ’च्या धर्तीवरील स्पर्धेत हे उपकरण मांडावे, असा आमचा विचार आहे. त्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ‘रेडी’ टप्प्यावर २० संघांपर्यंत प्रत्येकी ५०,००० डॉलर, ‘सेट’ टप्प्यावर १० संघांपर्यंत प्रत्येकी १,००,००० डॉलर आणि अखेरच्या ‘गो’ टप्प्यावर दोन विजेत्यांना प्रत्येकी ५,००,००० डॉलर अशी रचना होती. अनुदान घेतले की आधी प्रस्ताव आणि मग खर्चाच्या पावत्या सांभाळणे आले. बक्षीस मात्र झालेल्या कामावर मिळते आणि ते कसे खर्च केले याचा हिशेब मागितला जात नाही. आमच्यासारख्या दोघांना हाच मार्ग झेपण्याजोगा वाटतो. (याच विभागाच्या लाटांपासून ऊर्जा मिळवण्याच्या स्पर्धेत २०१६ साली ‘अ‍ॅक्वाहार्मोनिक्स’ या छोट्याशा चमूने १५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस पटकावले होते, त्यामुळे लहानांना वाव नाही असे निदान म्हणता येणार नाही.)

अडचण अशी की, सरकारी बक्षिसांना लागू असलेल्या कायद्यात वैयक्तिक स्पर्धक अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मी दोन्हीपैकी काही नाही. मग माझे नाव संघात घालता येईल का? घातल्यास माझ्या वाट्याची रक्कम स्वीकारल्याने व्हिसाला धोका पोहोचेल का? शिवाय अर्जासोबत ९० सेकंदांची, सर्वांना पाहता येईल अशी चित्रफीत द्यावी लागते. आम्हाला पुढे भारतातही पेटंट घ्यायचे आहे, तेव्हा चित्रफितीमुळे ते अडेल काय? ज्यांनी अशा स्पर्धेत भाग घेतला आहे किंवा ज्यांना या नियमांची माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— ओहायोकर

प्रतिसाद : जुना खटपट्या

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उशीर झाला तर तो भरून काढता येत नाही. अमेरिकेत शोध जाहीर केल्यानंतर अर्ज करण्यास एक वर्षाची सवलत असते. भारतात अशी सरसकट सवलत नाही, त्यामुळे चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर अर्ज केल्यास नावीन्यच संपले असे धरले जाऊ शकते. म्हणून आधी अमेरिकेत प्रोव्हिजनल (पेटंटचा प्राथमिक, तात्पुरता) अर्ज दाखल करावा, मग चित्रफीत टाकावी आणि पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांच्या आत भारतात अर्ज करावा. सरकार तुमच्या शोधावर हक्क सांगेल ही भीती मात्र बाळगू नका; तुमच्या लेखी संमतीवाचून तसे करता येत नाही, हे त्याच कायद्यात नमूद आहे.

पात्रतेबाबत बोलायचे तर, अमेरिकन-मेड स्पर्धांच्या नियमावलीत संघाच्या वतीने अर्ज भरणारी व्यक्ती नागरिक किंवा कायमची रहिवासी असावी आणि बाकीच्या सदस्यांना अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी असावी, अशी तरतूद असते. आपल्या फेरीची नियमावली शब्दशः वाचावी. व्हिसाची गोष्ट याहून वेगळी आहे. एच-१बीवर ज्या मालकाने व्हिसा काढला त्याच्याकडेच काम करता येते, त्यामुळे स्पर्धेने तुम्हाला पात्र ठरवले म्हणून इमिग्रेशन खातेही तसेच मानेल, असे गृहीत धरू नका. रक्कम घेण्यापूर्वी वकिलाला विचारा. बक्षीस करपात्र उत्पन्न असते. ते मित्राच्या नावावर आले तर कराचा कागदही त्याच्याच नावाने निघेल, म्हणून वाटणी आधीच लेखी ठरवा. आणखी एक, नोकरीच्या करारात शोधांच्या मालकीचे कलम आहे का, हे पाहिलेत का?

ओहायोकर :

मनःपूर्वक आभार. अर्ज मित्राच्या नावाने भरू आणि प्रोव्हिजनलचे काम आधी उरकू. आपण म्हणता ते कलम आत्ताच काढून पाहिले. कंपनीच्या ‘सध्याच्या किंवा अपेक्षित व्यवसायाशी संबंधित’ असा प्रत्येक शोध कंपनीचा, असे त्यात लिहिले आहे. आमची कंपनी बेकऱ्यांच्या भट्ट्यांसाठी तापमान-नियंत्रक बनवते. कंपनीकडून या शोधापुरते लेखी ना-हरकत पत्र मागितलेले कोणी येथे आहे का, आणि ते मागताना उपकरणाची किती माहिती उघड करावी लागली?