गणपतीला कुडाळला जायचंय, अडीच वर्षांची लेक आणि आठ महिन्यांचं बाळ: गाडी की रेल्वे?

कुडाळची_सून
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबलाय पण प्लीज वाचा. आम्ही डोंबिवलीला राहतो, सासर कुडाळजवळ, घरचा गणपती असल्यामुळे जायचं हे नक्कीच आहे. लेक अडीच वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. नवऱ्याचं म्हणणं गाडीने रात्री दहाला निघू, पोरं झोपून जातील, सकाळी पोचू. माझ्या पोटात तेव्हापासून गोळा आलाय, कारण गेल्या वर्षी हेच केलं होतं. मला पाचवा महिना, लेक दीड वर्षाची, इंदापूर-माणगावला तीन तास गाडी हलली नाही आणि पुढे घाटात तिने आख्खी दुधाची बाटली माझ्या अंगावर ओकली, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला मोबाईलच्या उजेडात तिचे कपडे बदलले, ती थंडीने कुडकुडत माझ्या गळ्याला मिठी मारून बसलेली. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मांडवी एक्स्प्रेसची (ही दिवसाची रेल्वे) ठाण्याहून थ्री एसीची दोन कन्फर्म तिकिटं आहेत, साठ दिवस आधी बुकिंग उघडल्या उघडल्या काढून ठेवली होती. पण नवरा म्हणतो दिवसभर डब्यात दोन पोरं कशी सांभाळणार, शिवाय तिथे गेल्यावर गाडी हाताशी नाही. सासूबाई रोज फोनवर म्हणतात "पोरांका घेवन ये, गणपती वरसातून एकदाच येतत". मलाही जायचंय हो, मनापासून जायचंय. फक्त पोरांचे हाल नकोत. ज्यांनी एवढी लहान मुलं घेऊन कोकण केलंय त्यांनी सांगा.

दोन_पिल्लांची_आई
ताई, कन्फर्म तिकीट हातात आहे ना, मग डोळे मिटून मांडवी. मी रत्नागिरीची, माझ्या दोघांत दीडच वर्षाचं अंतर, दोन्ही प्रकार करून झालेत. आपल्याला वाटतं पोरं रात्री झोपतात म्हणून रात्रीचा प्रवास सोपा, पण ती झोपतात घरच्या अंथरुणात. गाडीत मान लटकते, टोलला लाईट तोंडावर येतो, दर तासाला उठतात आणि सकाळी घरी पोचल्यावर आपण मेलेले आणि ती किरकिरी, वर घर पाहुण्यांनी भरलेलं. पहिले दोन दिवस वाया. दिवसाच्या गाडीत ती त्यांच्या वेळेला खातात, दुपारी त्यांच्या वेळेला झोपतात, संध्याकाळी आजीकडे पोचतात तेव्हा हसत असतात. एवढा एकच हिशोब मी आता करते, की पोरांचं घड्याळ मोडतंय का. आपले दोन तास जास्त गेले तर गेले.

लेकीला खिडकी द्या. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेच्या अख्ख्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, आम्ही बोगदा आला की टाळी आणि संपला की "उजेड!" असं ओरडायचो, आमच्या धाकट्याचा अर्धा प्रवास त्यातच जायचा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तो संपतच नाही, तिथे काही मुलं घाबरतात, आधीच मांडीवर घेऊन सांगा की हा मोठ्ठा आहे. आणि पावसाळी टाइमटेबल असतं, गाड्या हळू चालवतात, उशीर होणारच हे धरून जेवण-डायपर एक जादा घ्या.

तिकिटाचं म्हणाल तर पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही पण बर्थही मिळत नाही, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. पुढच्या वेळी लेकीचा बर्थ घ्याच, तो पैसा वसूल होतो.

घाटवाट
मी गाडीवाला आहे, दरवर्षी सावंतवाडीला स्वतः चालवत जातो, तरी सांगतो की या वेळी रेल्वेच घ्या. मिस्टरांना माझ्यातर्फे एक सांगा, पोरं झोपतील हे खरं पण चालवणारा झोपलेला नसतो. साडेचारशे किलोमीटर, पाऊस, समोरून येणाऱ्याचे हेडलाईट, दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला निघणं म्हणजे पहाटे तीन-चारला डोळ्यावर झापड येते तेव्हा नेमके घाट असतात. कशेडीला आता बोगदा झाला, पूर्वीसारखं नाही, पण गर्दी ती गर्दीच.

कधी गाडीने गेलातच तर पहाटे चारला निघा, नाश्त्यापर्यंत बरंच अंतर कापून होतं. आणि कृपा करून बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. मी हे दरवर्षी शेकडो गाड्यांत बघतो आणि जीव कळवळतो. जोरात ब्रेक लागला तर आईच्या हातात बाळ राहत नाही, कितीही घट्ट धरा, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट बाळावर. आठ महिन्यांच्याला मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची कार सीट लागते. कायद्यातही 2019च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नको, पोरासाठी घ्या.

तिथे फिरायला गाडीचं म्हणाल तर कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, गणपतीत तसंही घर सोडून जायचं कुठे असतं?

बोरिवलीची_आजी
अगं पोरी, तुझं वाचून जीव हलला. पाचव्या महिन्यात तू हे सगळं काढलंस! मी चार नातवंडं वाढवलीत, दोन गोष्टी सांगते.

उलटीचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागणं तसं कमी असतं, तेव्हाची उलटी बहुतेक भरपेट दुधाचीच असणार. पण आता ती अडीचची झाली, इथून पुढे गाडी लागायचं वय सुरू होतं. म्हणून निघायच्या आधी दूध नको, तेलकट नको. थोडं थोडं कोरडं देत राहा, लाह्या, चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, मऊ पोळीचा तुकडा. उपाशीपोटीही नको. मोबाईल हातात दिलात तर उलटी लवकर होते, बाहेर लांबवर बघायला लावा. औषध मात्र मनाने देऊ नका, मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा.

बाळाला भाजलेल्या तांदूळ-मुगाच्या डाळीचं पीठ करून ने, थर्मासमधल्या कढत पाण्यात कालवलं की पाच मिनिटांत खिमट तयार, वर घरचं तूप. वरचं दूध पावडरचं असेल तर आधी कालवून बाटलीत भरून नेऊ नको, पावडर वेगळ्या डबीत, पाणी वेगळं, लागेल तेव्हा कर आणि दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाक. अंगावर पाजत असशील तर सुटलीसच, वरून एक सुती ओढणी, बास.

आणि ओआरएसची पाकिटं ठेव, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट, मोठं पाकीट एक लिटरचं असतं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही करायचं. गोड चवीचे तयार खोके ओआरएस म्हणून विकायचे त्यांना ऑक्टोबर 2025 मध्ये ते नाव लावायची बंदी झाली, तरी पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला वाचूनच घे.

बाळासाठी जुनी सुती साडी ने. दोन बर्थांना बांधून झोळी केली की गाडीच्या हेलकाव्यात बाळ तासन्‌तास झोपतं.

पनवेलकर_बाबा
आजी, बाकी सगळं शंभर टक्के, पण झोळीला माझा विरोध आहे, राग मानू नका. आमच्या समोरच्या कुटुंबाने बांधली होती, गाठ सरकली आणि बाळ एका बाजूने खाली आलं, त्याच्या बाबाने वेळेत झेललं म्हणून. बर्थच्या साखळ्या त्यासाठी नाहीत. साडी न्या, पण खालच्या बर्थवर अंथरायला. बाळ भिंतीच्या बाजूला, आपण कडेला.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. एसी डब्याच्या टोकाला जे दार असतं ते आपोआप बंद होतं. माझ्या मुलाची दोन बोटं त्यात सापडली, तेव्हा तो तीन वर्षांचा. मी टॉयलेटला घेऊन जात होतो, माझा एक हात दाराला, त्याने मागून बिजागरीच्या फटीत बोटं घातली. नख काळंनिळं झालं, तो रडला त्यापेक्षा मी जास्त रडलो. तेव्हापासून मुलाला आधी कडेवर उचलायचं मगच दार उघडायचं, दोन पावलं असली तरी. आणि चहावाल्याची किटली मुलाच्या डोक्याच्या उंचीला असते, म्हणून पॅसेजच्या बाजूला नेहमी मोठं माणूस.

काही लागलं तर रेल्वेचा हेल्पलाईन नंबर 139, डॉक्टरची मदतही त्याच नंबरवर मागता येते.

बोरिवलीची_आजी
रागवायचं काय त्यात, बरं झालं सांगितलंत. आमच्या वेळी सगळे बांधायचे. पोरी, झोळी नको मग.

कुडाळची_सून
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाहीये. घाटवाट, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली, तो पहाटे तीन-चारच्या वाक्यापाशी थांबला, मग म्हणाला गेल्या वर्षी परशुराम घाटाच्या आधी मला दोनदा डुलकी आली होती, तुला सांगितलं नव्हतं. मी काहीच बोलले नाही. रेल्वे ठरली. आजी, पीठ आजच भाजलं, घरभर वास सुटलाय.

आता शेवटची भीती. कुडाळला गाडी दोनच मिनिटं थांबते, आम्ही दोघं, दोन पोरं, तीन बॅगा. उतरायचं कसं?

पनवेलकर_बाबा
कणकवली गेली की आवरायला घ्या, सिंधुदुर्ग स्टेशन यायच्या आत बॅगा दारापाशी आणि दोघांना बूट घातलेले. बाळ तुमच्या पोटाशी बेबी कॅरिअरमध्ये किंवा ओढणीने बांधलेलं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. गाडी पूर्ण थांबली की आधी मिस्टर एकटे उतरतील, तुम्ही वरून लेक त्यांच्या हातात द्यायची, मग तुम्ही दांडा धरून सावकाश उतरायचं. बॅगा सगळ्यात शेवटी, शेजारच्यांना आधीच सांगून ठेवा, कोकणातली माणसं आहेत, दारातून विचारून विचारून देतील. एखादी राहिलीच तर पुढच्या स्टेशनवरून परत आणता येते. लेकीला एकटीला आधी खाली उतरवून मागे वळू नका, एक सेकंदसुद्धा नाही.