नॉर्थ ब्रिटिश बुडाली ती कुणामुळे?

वाफाळ
ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९०३ साली तीन कारखाने एकत्र येऊन उभी राहिली आणि १९६२ ला बंद पडली. माझ्या मते तिला १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने, म्हणजे वाफ काढून डिझेल आणि वीज आणण्याच्या योजनेने मारलं. ब्रिटिश रेल्वेने आधी १७४ डिझेल इंजिनं चाचणीसाठी मागवली आणि त्यांचा निकाल हाती यायच्या आत शेकड्यांनी ऑर्डरी सोडल्या. 'इव्हनिंग स्टार' हे ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन मार्च १९६० मध्ये स्विंडनहून निघालं आणि पाच वर्षांत बाद! कोळसा घरचा होता. थोडं थांबले असते तर कारखानेही डिझेल शिकले असते.

डिझेलदास
वेळ मिळाला नाही म्हणता? इंग्लिश इलेक्ट्रिक या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं १६०० अश्वशक्तीचं इंजिन घालून डर्बीच्या रेल्वे वर्कशॉपने डिझेल गाडी रुळावर आणली ती डिसेंबर १९४७ मध्ये. 'वॉरशिप' या डिझेल वर्गाचंच बघा ना. आराखडा जवळपास एकच. स्विंडनच्या रेल्वे वर्कशॉपने त्यात माइबाख कंपनीची इंजिनं घातली, तर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशने एमएएन कंपनीची, परवान्यावर स्वतः बांधून. दोन्ही जर्मनच, पण सतत दुरुस्तीला यायची ती ग्लासगोची. त्यांच्याच क्लास २१ या डिझेल वर्गाची ५८ इंजिनं झाली. त्यातल्या २० मध्ये पुढे आतलं मूळ यंत्र काढून पॅक्समन या दुसऱ्या कंपनीचं बसवावं लागलं. वर हमीतली दुरुस्ती पदरची. दोष योजनेचा कसा?

रुळांवरची मुंगी
दोघंही १९५५ मध्ये अडकलात, दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. क्रू इथलं रेल्वेचं वर्कशॉप दुसऱ्या रेल्वे कंपनीला इंजिनं बांधून देत होतं. खासगी कारखानदार कोर्टात गेले आणि १८७६ मध्ये मनाई हुकूम मिळवला: रेल्वेने इंजिनं फक्त स्वतःपुरती बांधायची. जिंकले खरे, पण मोठ्या रेल्वे कंपन्यांनी आपली बहुतेक इंजिनं घरीच बांधली. मग खासगीवाल्यांना उरलं काय? हिंदुस्थान, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका. आपली १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ओढली व्हल्कन फाउंड्रीच्या इंजिनांनी. दार्जिलिंगच्या चिमुकल्या इंजिनांची सुरुवात शार्प स्टुअर्टची, म्हणजे नॉर्थ ब्रिटिशच्या तिघांपैकी एकाची. (माथेरानची मात्र जर्मन, ती यात ओढू नका.) १९५० मध्ये चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात डब्ल्यूजी वर्गाची वाफेची इंजिनं बांधायला सुरुवात झाली. त्याच वर्गाची इंजिनं आपण नॉर्थ ब्रिटिशकडूनही घेतली होती. म्हणजे गिऱ्हाईकच कारखानदार झालं! पुढे डिझेलसाठी आपण गेलो ते अमेरिकेच्या अल्कोकडे.

डिझेलदास
मुंगीताई, मग इंग्लिश इलेक्ट्रिक कशी तगली? तुमची तीच व्हल्कन फाउंड्री, निर्यातीवर जगलेली, १९५५ मध्ये त्यांच्याकडे आली. इंजिन, मोटर, सांगाडा, सगळं त्यांचं स्वतःचं. १९६५ पर्यंत क्लास ३७ ची ३०९ इंजिनं काढली. त्यातली काही अजून कामावर आहेत. बाजार तोच, कोर्टाचा हुकूम तोच. फरक हाताच्या कामात होता.

रुळांवरची मुंगी
मोटरवाली कंपनी होती म्हणून तगली; बहुतेक डिझेलांची चाकं विजेच्या मोटरींनीच फिरतात. बॉयलर ठोकण्यात पिढ्या गेलेल्या ग्लासगोला विजेचं काम कोण शिकवणार होतं?

वाफाळ
आणि तगली म्हणजे किती? १९६८ मध्ये जीईसी या दुसऱ्या विद्युत कंपनीने गिळली. आज ब्रिटनच्या मालगाड्यांपुढे जिकडेतिकडे क्लास ६६ हे डिझेल इंजिन दिसतं. जनरल मोटर्सचं, बहुतेक कॅनडात बांधलेलं. आता बोला, दास.